मोज्यातले पैसे

आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाचा हिशेब माझ्याकडे असतो. निवृत्त बाई, त्यातून मास्तरीण, म्हणजे वह्या नीट ठेवणार असा सगळ्यांचा समज. यंदा यवतमाळकडचा एक कवी बोलावला होता. चाळिशीचा असेल. एसटीने आला, उन्हातून चालत वाचनालयापर्यंत पोचला, माठातलं दोन पेले पाणी प्यायला आणि तासभर असा काही रंगला की केवळ अल्पोपाहारासाठी येणारे आमचे मागच्या रांगेतले सभासदही मोबाइल खिशात घालून ऐकत बसले. कार्यक्रम संपला. खुर्च्यांवर खुर्च्या चढत होत्या, उपम्याचा वास अजून सभागृहात होता, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलावर व्हाउचरं लिहीत होते. मंडप, ध्वनिक्षेपक, हार-गुच्छ, उपमा-चहा. कवीच्या नावापुढे ‘प्रवासखर्च’. त्याने खिशातून एसटीचं तिकीट काढलं, तळहाताने दाबून सरळ केलं आणि माझ्यापुढे ठेवलं. शाल खांद्यावर होती, नारळ पिशवीत. सही करता करता त्याने विचारलं, “मॅडम, माइकवाल्याला किती द्यावे लागतात हो?” सुरात तक्रार नव्हती. घरी काही कार्य असेल, चौकशी करून ठेवावी, तसा विचारला त्याने प्रश्न. मी आकडा सांगितला. तो “अच्छा” म्हणाला, पिशवी उचलली आणि शेवटची गाडी गाठायला निघून गेला.

ते “अच्छा” काही केल्या डोक्यातून जाईना.

अशा वेळी मला एका इंग्लिश कवीचा मोजा आठवतो. सायमन आर्मिटेज. २०१० च्या उन्हाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, हा माणूस पेनाइन वे नावाच्या डोंगरवाटेवर चालायला निघाला. उत्तर इंग्लंडच्या कण्यावरून जाणारी ही वाट, अडीचशे मैलांहून थोडी अधिक, बहुतेक वेळ दलदल, वारा आणि धुकं. लोक ती दक्षिणेकडून उत्तरेकडे चालतात, डर्बीशरमधल्या ईडेलपासून स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येटमपर्यंत, म्हणजे ऊन आणि वारा पाठीशी राहतो. आर्मिटेज उलटा निघाला. कारण साधं, त्याचं गाव मार्सडेन या वाटेच्या दक्षिण टोकाजवळ आहे. उलटं चाललं की माणूस घराकडे चालत असतो. खिशात पैसे ठेवायचे नाहीत, असा पण. रोज संध्याकाळी जिथे पोचेल तिथे कविता वाचायच्या, कधी पबमध्ये, कधी चर्चमध्ये, कधी कुणाच्या दिवाणखान्यात. वाचन झालं की एक मोजा श्रोत्यांतून फिरवायचा. ज्याला जेवढं मोल वाटलं तेवढं त्याने टाकावं. जेवणखाण आणि अंथरूण यजमानांचं, आणि त्याची जडशीळ बॅगही यजमानच गाडीत घालून पुढच्या मुक्कामी पोचवणार. दोन वर्षांनी त्याने या चालण्यावर पुस्तक लिहिलं, ‘वॉकिंग होम’. पुढे नैर्ऋत्य इंग्लंडच्या किनाऱ्यावरूनही तो असाच मोजा घेऊन चालला.

मला या सगळ्यात आवडतो तो त्याचा निर्लज्जपणा. चांगल्या अर्थाने म्हणते आहे. रात्री मोजा उलटा करून हा माणूस सरळ पैसे मोजतो, आणि मोजतो हे लिहितोही. नोटा-नाण्यांबरोबर भलत्याच वस्तू निघतात, त्यांचीही गंमत सांगतो. आपल्याकडच्या कवीने असं काही लिहिलं असतं तर लोक म्हणाले असते, काय हा, शारदेच्या दरबारात चिल्लर मोजतो. आणि गंमत अशी की ही रीत खरं तर आपलीच. कीर्तन रंगात आलं की आरतीचं ताट फिरतं, त्यात नाणी वाजतात, आणि बुवा निरूपण न थांबवता कोपऱ्यातून ताटाकडे एक नजर टाकतात. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या एका देवळात आजीच्या मांडीवर बसून मी ती नजर पाहिलेली आहे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मग कवीच्या बाबतीत आपण एवढे सोवळे कधी झालो? शाल दिली की भागलं, हे कुणी ठरवलं?

आर्मिटेजला पैशाचं बोलणं जड जात नाही याचं एक कारण असं असावं की तो नोकरीतून आलेला कवी आहे. जन्म १९६३ चा, हडर्सफील्डचा, वाढला मार्सडेनमध्ये. पोर्ट्समथला भूगोल शिकला. मँचेस्टरला पुढचं शिक्षण घेताना त्याचा प्रबंध दूरदर्शनवरची हिंसा आणि बालगुन्हेगार यांच्यावर होता. मग प्रोबेशन ऑफिसर झाला. त्याचे वडीलही तेच काम करत. म्हणजे शिक्षा झालेल्या, सुटलेल्या, पुन्हा पकडल्या जाण्याच्या बेतात असलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं आणि न्यायाधीशाला अहवाल लिहायचा. ग्रेटर मँचेस्टरमध्ये १९९४ पर्यंत त्याने ही नोकरी केली. पहिला संग्रह ‘झूम!’ १९८९ चा, म्हणजे तो या नोकरीतच असताना आलेला. त्याच्या सुरुवातीच्या कवितांतून जी माणसं बोलतात, थोडी बेरकी, थोडी हिंस्र, स्वतःच्या गुन्ह्याबद्दल हवामानाविषयी बोलावं तशी बोलणारी, ती टेबलापलीकडच्या खुर्चीतून उठून आलेली आहेत. एका कवितेतला नोकरदार, कामावरून काढलं जाण्याच्या धमकीने पिचलेला, वाटेत एका मस्तमौला भटक्याला गाडीत घेतो आणि चालत्या गाडीतून त्याला मारून बाहेर ढकलून देतो. सांगतो असं की जणू वाटेत पेट्रोल भरलं. वर्गात ती कविता मी एकदा वाचून दाखवली होती, अभ्यासक्रमात नसताना. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “मॅडम, हा तर आमच्या शेजारच्या काकांसारखा बोलतो.” यापेक्षा चांगलं रसग्रहण मी कुठल्या गाइडात वाचलेलं नाही.

भाची लीड्सला असते. तिच्याकडे गेले होते तेव्हा मार्सडेनला जाऊन आले. हडर्सफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी गाडी, दोन्ही बाजूंनी चढत गेलेले माळ, आणि बोगद्याच्या तोंडाशी बसलेलं गाव. स्टँडेज म्हणतात त्या डोंगराला. त्याच्या पोटातून रेल्वे जाते आणि कालवाही. कालव्याचा बोगदा १८११ मध्ये खुला झाला आणि ब्रिटनमधला सगळ्यांत लांब कालवा-बोगदा तोच. गावातली घरं वालुकाश्माची, एकेकाळच्या गिरण्यांच्या धुराने काळी पडलेली. लोकरीच्या गिरण्या बंद झाल्या, काळेपणा उरला. हवेत सतत ओल. माझ्या गुडघ्यांना ती स्टेशनवरच कळली. या गावाची एक दंतकथा आहे. कोकीळ आली की वसंत येतो, ती गेली की वसंतही जातो, म्हणून गावकऱ्यांनी तिला अडवायला भिंत बांधायला घेतली. भिंत एक थर कमी पडली आणि कोकीळ वरून उडून गेली. दर वर्षी एप्रिलमध्ये गाव या फजितीचा उत्सव करतं. स्वतःच्या मूर्खपणाची जत्रा भरवणाऱ्या गावातून विनोदी कवी निघाला नसता तरच नवल. त्याच्या वडिलांना गावातल्या हौशी नाटकांचं भारी वेड होतं असं वाचलं होतं, आणि मार्सडेनच्या त्या छोट्या रस्त्यावरून चालताना ते पटत गेलं. इथे प्रत्येक जण जरासा नाटकातला वाटतो. चहाच्या दुकानातल्या बाईने माझी साडी पाहून विचारलं, “कवीच्या दगडासाठी आलात ना?” मी हो म्हटलं. “मग आधी पोटभर खाऊन घ्या,” म्हणाली.

कवीचा दगड म्हणजे ‘स्टँझा स्टोन्स’मधला एक. २०१२ च्या सुमारास आर्मिटेजने पाण्यावर सहा कविता लिहिल्या. बर्फ, पाऊस, धुकं, दव, डबकं, ओढा. त्या मार्सडेनपासून इल्कलीपर्यंतच्या माळांवर, सुमारे सत्तेचाळीस मैलांच्या पट्ट्यात, दगडांवर कोरल्या आहेत. कोरणारीचं नाव पिप हॉल. सातवा दगडही आहे म्हणतात, पण तो कुठे ठेवलाय ते जाहीर केलेलं नाही. ज्याला सापडेल त्याचा. मार्सडेनजवळचा दगड बर्फाचा, प्यूल हिलवरच्या एका जुन्या खाणीत. भाचीची मुलगी पुढे, मी मागे, काठीवर रेलत. जून महिना होता, बर्फाचा मागमूस नाही, पण वारा असा की कानात कुणी फुंकर घालत राहावं. अक्षरं पाहिली, बोटं फिरवली. काही ठिकाणी काठावर शेवाळ धरू लागलं होतं. आकाशाने कोरं पत्र धाडलंय अशा अर्थाची तिची सुरुवात आहे. मला रामटेकच्या लक्ष्मण मंदिरातला यादवकालीन शिलालेख आठवला, तोही झिजलेला. पण तो राजवटीच्या काळातला. देणग्या, तीर्थं, पुण्याई यांची नोंद. इथे राजा नाही, देणगी नाही. कुणीतरी बर्फावरची कविता माळावर ठेवून दिली आहे आणि ती वाचायची तर गुडघे दुखेपर्यंत चढावं लागतं. हे मला फार आवडलं आणि थोडं खोटंही वाटलं. एवढ्या जाणीवपूर्वक केलेल्या साधेपणाचं कधीकधी मला ओझं होतं. सरकारी अनुदान, पर्यटन-नकाशा आणि पत्रक, हेही त्या दगडासोबत आलेलंच असतं. पण मग वारा थांबला, आणि पोरीने ती कविता दगडावरून मोठ्याने वाचली, आणि माझं तेवढ्यापुरतं सगळं मिटलं.

तिला आर्मिटेज मुळीच आवडत नाही, हे सांगायला हवं. तिच्या दहावीच्या परीक्षेला त्याची ‘रिमेन्स’ होती. बसऱ्यात बँक लुटणाऱ्यावर गोळ्या झाडलेला सैनिक घरी परततो, पण मेलेला माणूस त्याच्या डोक्यातून जात नाही. गेली तीसेक वर्षं इंग्लंडातली पोरं या माणसाच्या कविता परीक्षेसाठी घोकत आहेत, उपमा-अलंकारांना रंगीत खुणा करून, पंचेचाळीस मिनिटांत तुलनात्मक उत्तर लिहून. “मावशीआजी, तुला तो फुकट वाचायला मिळतो, म्हणून आवडतो,” असं ती मला म्हणाली. बरोबर आहे. आमच्या पिढीतल्या किती जणांचे केशवसुत असेच संदर्भासह स्पष्टीकरणात गेले. तरी ‘रिमेन्स’मागची गोष्ट मी तिला सांगितलीच. ती आर्मिटेजने खोलीत बसून रचलेली नाही. २००७ मध्ये ‘द नॉट डेड’ नावाच्या माहितीपटासाठी युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या मुलाखती झाल्या, आणि त्यांच्या बोलण्यातून त्याने कविता केल्या. त्या सैनिकांनीच कॅमेऱ्यासमोर वाचल्या. त्याआधी तरुण कैद्यांच्या तुरुंगात जाऊन त्यांच्याच कहाण्यांची गाणी त्याने लिहून दिली होती, कैद्यांनी ती गायली. म्हणजे नोकरी सोडली तरी प्रोबेशन ऑफिसर सुटला नाही. कुणाचं तरी म्हणणं ऐकायचं आणि ते नीट लिहून द्यायचं, काम तेच राहिलं.

मे २०१९ मध्ये तो ब्रिटनचा राजकवी झाला. हे पद म्हणजे एक मजाच आहे. सतराव्या शतकात ड्रायडनपासून अधिकृतपणे सुरू झालेलं, पूर्वी मरेपर्यंतचं, आता दहा वर्षांचं. पगार वर्षाला पाच-सहा हजार पौंड, म्हणजे लंडनमध्ये त्यात दोन-तीन महिन्यांचं घरभाडंही धड निघणार नाही. आणि वर शेरीचं, म्हणजे स्पॅनिश वाइनचं, एक पिंप, सुमारे सहाशे बाटल्या भरतील एवढं. शाल-श्रीफळाचीच ही गोरी आवृत्ती, फक्त नारळापेक्षा जास्त काळ टिकणारी. वर्ड्‌स्वर्थने सत्तरी उलटल्यावर हे पद घेतलं ते मुळी काही लिहावं लागणार नाही या अटीवर, आणि खरंच काही लिहिलं नाही. आर्मिटेजच्या आधीच्या, पहिल्या स्त्री राजकवी कॅरल ॲन डफी यांनी आपलं मानधन एका पुरस्कारासाठी देऊन टाकलं. आर्मिटेजनेही तेच केलं. त्या पैशातून निसर्ग आणि पर्यावरणावरच्या कवितासंग्रहांसाठी ‘लॉरेल प्राइझ’ सुरू केलं. मी हे वाचलं तेव्हा प्रथम कौतुक वाटलं आणि मग जरा चीडच आली. मोज्यातले पैसे मोजणाऱ्या माणसाने सरकारकडून आलेला पगार का सोडावा? कवीला दिलेले पैसे परत कवितेतच घालायचे, म्हणजे तो पुन्हा ऋषी झाला की! पण हेही खरं की त्याचे मिळालेले पैसे दुसऱ्या कवीच्या खात्यात जातात, आणि तो कवी ते बिनदिक्कत घेतो. म्हणजे ऋषीपण फक्त एका पदापुरतं राहतं.

राजकवी म्हणून केलेल्या त्याच्या कवितांबद्दल माझं मत संमिश्र आहे. राणी एलिझाबेथ गेल्या तेव्हाची कविता नऊ-नऊ ओळींच्या दोन कडव्यांची, प्रत्येक कडव्यातल्या ओळींची पहिली अक्षरं जुळवली की राणीचं नाव होतं. कसब आहे, पण मला ती सुबक आणि गार वाटली. राज्याभिषेकाची मात्र आवडली. त्यात राजा जवळजवळ नाहीच. समाजकार्यासाठी निमंत्रण मिळालेली एक साधी बाई ॲबीत, म्हणजे राज्याभिषेकाच्या चर्चमध्ये, जाते, आणि मधूनमधून सतराव्या शतकातल्या पीप्स नावाच्या लंडनकराच्या रोजनिशीतला १६६१ चा राज्याभिषेक डोकावतो. दरबारात उभं राहूनही नजर मागच्या रांगेत, हे त्याला बरोबर साधतं. समीक्षक त्याला सोपा म्हणतात, गद्याळ म्हणतात. कधीकधी तो असतोही. विनोदाने वेळ मारून नेण्याची सवय त्याला आहे. एखादी कविता खोल उतरेल असं वाटावं आणि त्याने तिथेच एक टप्पल मारून निघून जावं, असं अनेकदा होतं. पण मला त्याचं दुसरंच एक वैशिष्ट्य जास्त भावतं. तो कवितेला कामाला लावतो. शेफील्ड विद्यापीठाच्या इमारतीवर २०१४ मध्ये त्याची हवेवरची कविता दहा मीटर बाय वीस मीटरच्या फलकावर लागली. टोनी रायन या शास्त्रज्ञाने त्या फलकावर टायटॅनियम डायऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा थर दिला, जो उजेडात हवेतले नायट्रोजन ऑक्साइड खातो. कविता तिथे रस्त्यावरचा धूर गिळत काही वर्षं उभी होती. दुसरी एक्कावन्न शब्दांची कविता कर्करोगावरच्या गोळीच्या प्रतिकृतीवर कोरली गेली, डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा अक्षरांत, कर्करोग संशोधन संस्थेसाठी. कुणी याला क्लृप्ती म्हणेल. मला तर आमच्या कळमना बाजाराच्या रस्त्यावर असा धूर खाणारा एखादा अभंग हवा आहे.

आणि मग २०२० चा मार्च.

त्या दिवसांत आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो आणि नोटा उन्हात वाळत घालत होतो, वर दगड ठेवून. आपल्याकडची टाळेबंदी २४ तारखेच्या रात्री सुरू झाली. त्याआधी, २१ मार्चला, ब्रिटनमध्येही टाळेबंदी लागायची होती तेव्हा, आर्मिटेजची ‘लॉकडाउन’ गार्डियनमध्ये आली. भाचीने व्हॉट्सॲपवर पाठवली. सुरुवात होते डर्बीशरमधल्या ईम या गावापासून. १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे आलेल्या ओल्या कापडाच्या गठ्ठ्यातून पिसवा आल्या, पिसवांबरोबर प्लेग. गावाने पाद्री मॉम्पेसनच्या सांगण्यावरून स्वतःला कोंडून घेतलं, रोग पुढच्या गावांत जाऊ नये म्हणून. वेशीवर एक दगड, त्याला भोकं, भोकांत व्हिनेगर. ईमचे लोक त्यात नाणी टाकत, बाहेरचे लोक धान्य ठेवून ती उचलत. नोटांवर दगड ठेवून बसलेल्या मला ती भोकं डोळ्यांसमोरून हलेनात. मग येतात एमट सिडल आणि शेजारच्या गावचा रोलंड टॉर, नदीच्या दोन तीरांवरून एकमेकांना नुसते पाहणारे, एके दिवशी ती यायची थांबेपर्यंत. इथवर कविता इंग्लंडची आहे. पण मग कवी पुन्हा झोपतो, आणि या वेळी त्याला स्वप्नात आमचा यक्ष दिसतो.

मी खरोखर खुर्चीतून उठले. स्वयंपाकघरात जाऊन यांना वाचून दाखवलं. यक्षाचा मेघ निघतो, वाटेत ओढ्यांचे हार, मोर, चितारलेले हत्ती, बांबूची बनं, बगळ्यांच्या रांगा, पावसानंतरचं कमळ. ज्याने मेघदूत शाळेत श्लोकाने श्लोक पाठ केलाय त्याला प्रत्येक वस्तूचा पत्ता ठाऊक असतो. रंगवलेला हत्ती म्हणजे विंध्याच्या पायथ्याशी दगडधोंड्यांत फुटलेली रेवा, म्हणजे नर्मदा, हत्तीच्या अंगावर काढलेल्या नक्षीसारखी. ओढ्यांचा हार म्हणजे आकाशातून दिसणारी चर्मण्वती, म्हणजे चंबळ, मधोमध नीलमणी ओवलेली मोत्यांची माळ. तो नीलमणी म्हणजे पाणी प्यायला वाकलेला मेघ. बगळ्यांची रांग तर पूर्वमेघात सुरुवातीलाच येते. एवढं सगळं या यॉर्कशरच्या माणसाने अर्ध्या वाक्यात भरलंय. मधेच उंटांच्या वाटाही आहेत, ते उंट बहुधा त्याच्या पदरचे. चालायचंच. कुसुमाग्रज, बोरकर, शान्ताबाई, चिं. द्वा. देशमुख, एवढ्यांनी मराठीत मेघदूत आणलं, प्रत्येकाने थोडं आपल्या पदरचं घातलंच आहे.

आणि हा मेघ निघाला ते रामगिरीवरून, म्हणजे आमच्या रामटेकवरून. छत्तीसगडवाले रामगढ म्हणतात, म्हणू देत. महामहोपाध्याय मिराशींनी रामटेकची बाजू एकदा मांडून ठेवल्यावर आम्ही नागपूरकर या बाबतीत दुसऱ्याचं ऐकून घेत नाही. घरापासून पन्नासेक किलोमीटरवरची टेकडी. कॉलेजच्या सहलीला अंबाळ्याच्या पायऱ्या, गडावरची माकडं, भर उन्हात पुसट दिसणारे भोवतालचे डोंगर, आणि कालिदास स्मारकाच्या भिंतींवरची चित्रं पाहून कंटाळलेल्या पोरी. त्या टेकडीवर वर्षभराची शिक्षा भोगणारा यक्ष, हा खरं तर टाळेबंदीतला पहिला माणूस, हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, आणि सुचायला एक मार्सडेनचा माणूस यावा लागला. थोडा मत्सर वाटला, लपवत नाही. पण त्याने ते ज्या कारणासाठी आणलं ते मला जास्त मोलाचं वाटतं. ईमची गोष्ट मरणाने संपते. मेघदूत संपत नाही, कारण मेघ अजून वाटेत आहे. निरोप पोचला की नाही हे कालिदास सांगतच नाही. आर्मिटेजही कविता तिथेच सोडतो, प्रवास लांबचा आणि संथ आहे, आणि तसाच असायला हवा, एवढं म्हणून. त्या एप्रिलमध्ये मी ती कविता किती जणांना वाचून दाखवली! शेजारच्या देशपांडेकाकांना गच्चीवरून गच्चीवर, मोठ्याने. त्यांना ऐकू कमी येतं. “कोण म्हणालीस, कालिदास गेला?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

पुढे आर्मिटेजच्या बँडने त्या कवितेचं गाणं केलं आणि त्याची कमाई घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांच्या ‘रेफ्यूज’ या संस्थेला गेली. पैशाचा माग मी काढत बसते, ही हिशेबनिसाची खोड. पण मला खरंच वाटतं, याच्याकडे कवितेचा पैसा फिरता आहे. तो येतो, दिसतो, मोजला जातो आणि पुढे जातो. आमच्याकडे तो येतच नाही, म्हणून त्याच्याबद्दल बोललंही जात नाही, आणि न बोलण्यालाच आपण संस्कार म्हणतो. गेल्या बैठकीत मी कवींना मानधन द्यायचा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, “ताई, ते पैशासाठी येतात का?” मी म्हटलं, माइकवाला येतो, तरी आवाज चांगला देतो. कुणी हसलं नाही. ठराव पुढच्या बैठकीवर गेला. यवतमाळच्या कवीला मी स्वतः काही पाठवावं का, हा विचार मनात येऊन गेला, पण ते दान झालं असतं, आणि त्याने दान मागितलं नव्हतं. दर विचारला होता.

आर्मिटेजचं राजकवीपण २०२९ मध्ये संपेल. २०२१ पासून त्याने ग्रंथालयांची एक यात्रा चालवली आहे. इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने ब्रिटनमधल्या गावांची आणि ग्रंथालयांची निवड करायची आणि तिथे जाऊन कविता वाचायच्या. एका वर्षात एक-दोन-तीन अक्षरं. तिकडची शेकडो सार्वजनिक ग्रंथालयं गेल्या पंधरा वर्षांत खर्चकपातीत बंद पडली आहेत, त्यामुळे यात नुसती हौस नाही, थोडी पंचाईतीतल्या नातेवाइकांची विचारपूसही आहे. मला मात्र त्याच्या ‘एक्स’ची काळजी लागून राहिली आहे. त्या अक्षराने सुरू होणारं गाव हा माणूस ब्रिटनमध्ये कुठून शोधून काढणार? भाचीची मुलगी म्हणते, तो काहीतरी चलाखी करून निभावून नेईल, त्याला सवय आहे. यांचं म्हणणं, त्याने निदान बाराखडी तरी घेतली नाही. तशी यात्रा महाराष्ट्रात काढायची म्हटली तर ‘ङ’ आणि ‘ञ’ला आपण पहिल्याच तालुक्यात अडलो असतो, आणि ‘ळ’पर्यंत पोचायची वेळच आली नसती.